‘डॅमेज’ आणि ‘डॅमेजेस’मध्ये फरक काय? हार्म, इंज्युरी, लॉस, डिफेक्ट हे शब्द कधी वापरायचे?

समजा, चार महिन्यांपूर्वी घेतलेल्या फोनच्या स्क्रीनवर अचानक एक हिरवी रेघ उमटली. फोन हातातून पडलेला नाही, पाण्यात भिजलेला नाही. वॉरंटी अजून शिल्लक आहे. ग्राहक कंपनीला ईमेल करतो: ‘माय फोन स्क्रीन इज डॅमेज्ड.’ दुसऱ्या दिवशी उत्तर येतं: ‘वॉरंटीमध्ये फिजिकल डॅमेज कव्हर होत नाही.’

इथे ग्राहक खोटं बोललेला नाही. त्याला म्हणायचं होतं की स्क्रीन बिघडली आहे. पण ‘डॅमेज्ड’ या शब्दातून समोरच्यापर्यंत वेगळाच अर्थ पोहोचला: काहीतरी बाहेरून झालं, आपटलं किंवा भिजलं. त्याला हवा होता तो शब्द होता ‘डिफेक्ट’.

‘डॅमेज’ हा शब्द आपण रोज वापरतो. विम्याच्या कागदात, कुरिअरच्या पावतीवर, नोकरीच्या करारात, पुराच्या बातमीत तो भेटतो. मराठीत त्याचा अर्थ ‘नुकसान’ असा सांगून आपण मोकळे होतो. पण इंग्रजीत नुकसानीसाठी अनेक शब्द आहेत आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. शब्द चुकला तर कधी फक्त वाक्य विचित्र वाटतं, कधी मात्र थेट खिशाला फटका बसतो. म्हणूनच हा शब्द नीट समजून घेऊया.

‘डॅमेज’चा अर्थ काय?

एखाद्या वस्तूची, वास्तूची, अवयवाची किंवा प्रतिष्ठेची अशी हानी, ज्यामुळे तिची किंमत, उपयोग किंवा मूळ स्थिती कमी होते, तिला ‘डॅमेज’ म्हणतात.

स्पेलिंग आहे डी-ए-एम-ए-जी-ई. आपण ‘डॅमेज’ म्हणतो, पण मूळ उच्चार ‘डॅमिज’च्या जवळ जातो. जोर पहिल्या अक्षरावर असतो.

हा शब्द नाम म्हणूनही चालतो आणि क्रियापद म्हणूनही.

- नाम: द स्टॉर्म कॉज्ड अ लॉट ऑफ डॅमेज. म्हणजे वादळामुळे बरंच नुकसान झालं.
- क्रियापद: द ट्रक डॅमेज्ड द गेट. म्हणजे ट्रकने गेटचं नुकसान केलं.
- विशेषण: अ डॅमेज्ड बॉक्स, म्हणजे खराब झालेला खोका. डॅमेजिंग रिमार्क्स, म्हणजे प्रतिमेला धक्का लावणारी विधानं.

हा शब्द आला कुठून?

‘डॅमेज’चं मूळ लॅटिन भाषेतल्या ‘डॅम्नम’ या शब्दात आहे. त्याचा अर्थ तोटा किंवा हानी. तिथून तो जुन्या फ्रेंच भाषेत गेला आणि इसवी सन १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला.

याच घराण्यातला आणखी एक शब्द तुम्ही बँकेत किंवा विमा कार्यालयात ऐकला असेल: ‘इन्डेम्निटी बॉन्ड’. मुदत ठेवीची पावती किंवा विमा पॉलिसी हरवली की हा बॉन्ड लिहून मागतात. यातला ‘डेम्न’ म्हणजे तोच ‘डॅम्नम’. त्याच्या आधी नकार दाखवणारा ‘इन’ लागला आहे. थोडक्यात, ‘तुम्हाला तोटा होऊ देणार नाही, झालाच तर मी भरून देईन’ अशी ती हमी असते.

मराठीत ‘डॅमेज’ला एकच शब्द का नाही?

मराठी बातमी वाचली की एक गोष्ट लक्षात येते. वादळानंतर घरांची ‘पडझड’ होते, पिकांची ‘नासाडी’ होते, दंगलीत सामानाची ‘मोडतोड’ होते, बागेची ‘नासधूस’ होते आणि गोदामातलं धान्य ‘खराब’ होतं. मराठीत काय बिघडलं यावर शब्द ठरतो. इंग्रजीत या सगळ्यासाठी ‘डॅमेज’ हा एकच शब्द चालतो.

उलट बाजूला, मराठीत ‘नुकसान’ हा शब्द फार दूरपर्यंत पसरतो. धंद्यात नुकसान होतं, गाडीचं नुकसान होतं, अभ्यासाचं नुकसान होतं, तब्येतीचंही नुकसान होतं. इंग्रजीत मात्र यातल्या प्रत्येकाला ‘डॅमेज’ म्हणता येत नाही. धंद्यातलं नुकसान ‘लॉस’ असतं. शाळा बुडाल्याने अभ्यासाचं झालेलं नुकसान ‘लर्निंग लॉस’ असतं. तब्येतीला अपाय ‘हार्म’ असतो.

‘नुकसान म्हणजे डॅमेज’ असं पाठ केलं की गोंधळ इथूनच सुरू होतो.

‘डॅमेज’ वापरताना होणाऱ्या पाच चुका

१. ‘अ डॅमेज’ म्हणणे. नुकसान या अर्थाने ‘डॅमेज’ हे इंग्रजीत न मोजता येणारं नाम आहे, पाणी किंवा साखरेसारखं. म्हणून ‘देअर वॉज अ डॅमेज’ चूक. ‘देअर वॉज सम डॅमेज’ बरोबर.

२. ‘मेनी डॅमेजेस’ म्हणणे. खूप नुकसान झालं हे सांगायला ‘मच डॅमेज’, ‘अ लॉट ऑफ डॅमेज’, ‘एक्स्टेन्सिव्ह डॅमेज’ किंवा ‘सिव्हिअर डॅमेज’ म्हणावं. तीन घरांचं नुकसान झालं तरी शब्द ‘डॅमेज’च राहतो: डॅमेज टू थ्री हाउसेस.

३. ‘डॅमेज ऑफ द कार’ म्हणणे. मराठीत आपण ‘गाडीचं नुकसान’ म्हणतो, म्हणून इंग्रजीत ‘ऑफ’ तोंडात येतो. पण नियम आहे ‘डॅमेज टू’. लक्षात ठेवायला एका कायद्याचं नाव उपयोगी पडेल. सार्वजनिक मालमत्तेची नासधूस रोखणारा १९८४ चा केंद्रीय कायदा इंग्रजीत ‘प्रिव्हेन्शन ऑफ डॅमेज टू पब्लिक प्रॉपर्टी ॲक्ट’ म्हणून ओळखला जातो.

४. माणसाला ‘डॅमेज्ड’ म्हणणे. ‘टेन पीपल वेअर डॅमेज्ड इन द ॲक्सिडेंट’ हे वाक्य चूक आहे. अपघातात माणसं ‘इंज्युअर्ड’ होतात. युद्धात किंवा हत्याराने जखमी झाले तर ‘वुंडेड’. गाडी, पूल, दुकान ‘डॅमेज्ड’ होतात.

५. पूर्ण नष्ट झालेल्या वस्तूला ‘डॅमेज्ड’ म्हणणे. ‘डॅमेज’मध्ये वस्तू काही प्रमाणात शिल्लक असते, बहुतेक वेळा दुरुस्त करता येते. काहीच उरलं नसेल तर शब्द ‘डिस्ट्रॉइड’. आपल्याकडच्या सरकारी याद्यांमध्ये मात्र घरांची नोंद ‘पार्शली डॅमेज्ड’ आणि ‘फुल्ली डॅमेज्ड’ अशी केली जाते. त्याचा अर्थ अनुक्रमे अंशतः पडझड आणि पूर्णतः पडझड असा घ्यावा.

एक ‘एस’ लागला की अर्थ कसा बदलतो?

आता सगळ्यात महत्त्वाचा फरक. ‘डॅमेज’ला ‘एस’ लावून ‘डॅमेजेस’ केलं की त्याचं अनेकवचन होत नाही. तो जवळजवळ वेगळाच शब्द होतो.

डॅमेज म्हणजे नुकसान. डॅमेजेस म्हणजे नुकसानभरपाई. म्हणजेच करार मोडल्याबद्दल किंवा चुकीच्या कृत्याबद्दल न्यायालय एका पक्षाला दुसऱ्या पक्षाला द्यायला लावतं ती रक्कम.

- द फायर कॉज्ड डॅमेज. म्हणजे आगीमुळे नुकसान झालं.
- द कोर्ट अवॉर्डेड डॅमेजेस. म्हणजे न्यायालयाने भरपाई मंजूर केली.

समजा, सोसायटीतल्या वरच्या मजल्यावरून पाणी गळून तुमचं छत खराब झालं. शेजाऱ्यांना किंवा कमिटीला ईमेल लिहिताना ‘देअर इज डॅमेज टू माय सीलिंग’ लिहिलं, तर तुम्ही नुकसान झाल्याचं कळवता. ‘आय ॲम क्लेमिंग डॅमेजेस’ लिहिलं, तर तुम्ही पैशांचा दावा करत आहात. पहिलं वाक्य तक्रारीचं आहे, दुसरं वकिलाच्या नोटिशीसारखं. शेजाऱ्यांशी बोलून प्रश्न सुटणार असेल तर दुसऱ्या वाक्याने सुरुवात करायची गरज नसते.

बातम्यांमध्ये ‘अमुक कोटींचा अब्रूनुकसानीचा दावा’ असं आपण वाचतो. त्यातली अब्रूची हानी म्हणजे ‘डॅमेज टू रेप्युटेशन’ आणि मागितलेले कोटी म्हणजे ‘डॅमेजेस’.

नोकरीच्या करारातले ‘लिक्विडेटेड डॅमेजेस’

पहिली नोकरी लागल्यावर अनेकांच्या हातात एक करार पडतो. ‘दोन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास इतके लाख रुपये लिक्विडेटेड डॅमेजेस म्हणून द्यावे लागतील’ असं त्यात लिहिलेलं असतं. इथे ‘लिक्विडेटेड’चा पाण्याशी किंवा द्रवाशी संबंध नाही. ‘आधीच ठरवून ठेवलेली भरपाई’ एवढाच त्याचा अर्थ.

भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. करार मोडला गेला तर न्यायालय त्या मर्यादेच्या आत वाजवी वाटेल तेवढीच भरपाई देतं. म्हणजे आकडा छापला म्हणून तो सगळा आपोआप वसूल होतोच, असं नाही. अर्थात, सही करण्याआधी तो आकडा वाचणं केव्हाही चांगलं.

त्याच कायद्याचं कलम ७३ सांगतं की करारभंगामुळे स्वाभाविकपणे झालेल्या, किंवा करार करताना दोन्ही बाजूंना ठाऊक असलेल्या नुकसानीचीच भरपाई मिळते. दूरच्या आणि अप्रत्यक्ष नुकसानीची मिळत नाही.

यामागे इंग्लंडमधला १८५४ चा ‘हॅडली विरुद्ध बॅक्सेंडेल’ हा प्रसिद्ध खटला आहे. ग्लॉस्टरमधल्या एका गिरणीचा मुख्य दांडा तुटला. नवा बनवण्यासाठी नमुना म्हणून तो वाहतूकदाराकडे दिला. वाहतूकदाराने उशीर केला आणि गिरणी तेवढे दिवस बंद राहिली. मालकाने बुडालेला नफा मागितला. पण दांड्याशिवाय गिरणी बंद पडून राहील याची वाहतूकदाराला कल्पना दिलेली नव्हती, म्हणून ती भरपाई नाकारली गेली. नुकसान खरं होतं, तरी त्याचे ‘डॅमेजेस’ मिळाले नाहीत.

आजच्या काळात यातून एक साधा धडा मिळतो. एखादी वस्तू ठरलेल्या दिवशी न पोहोचल्यास मोठं नुकसान होणार असेल, तर ते ऑर्डर देतानाच लेखी कळवा.

हार्म, इंज्युरी, हर्ट, लॉस: कोणता शब्द कुठे?

हार्म: सगळ्यात व्यापक शब्द. शरीर, मन, प्रतिष्ठा, पर्यावरण, समाज, कशालाही होणारा अपाय. ‘स्मोकिंग हार्म्स युअर हेल्थ’ म्हणजे धूम्रपानाने तब्येतीला अपाय होतो. हा शब्द जुन्या इंग्रजीपासूनचा आहे. सोशल मीडियावर एखाद्या पोस्टची तक्रार करताना ‘हार्मफुल’ हा पर्याय दिसतो, तोही याच अर्थाने. पोस्टमुळे कुणाची वस्तू मोडत नाही, पण माणसाला अपाय होऊ शकतो.

इंज्युरी: रोजच्या वापरात शरीराला झालेली इजा किंवा दुखापत. क्रिकेटपटू ‘इंज्युरी’मुळे संघाबाहेर जातो. क्रियापद आहे ‘इंज्युअर’.

हर्ट: दुखणं किंवा दुखावणं. हात दुखला तरी ‘हर्ट’, बोलणं मनाला लागलं तरी ‘हर्ट’. बोलीभाषेत सौम्य वाटणारा हा शब्द कायद्यात मात्र गंभीर आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११४ नुसार कुणाला शारीरिक वेदना, रोग किंवा दुर्बलता आणणं म्हणजे ‘हर्ट’. कलम ११६ मध्ये ‘ग्रीव्हस हर्ट’, म्हणजे गंभीर दुखापतीचे आठ प्रकार दिले आहेत. माणूस १५ दिवस तीव्र वेदनेत राहिला किंवा रोजची कामं करू शकला नाही, तर ती दुखापत गंभीर मानली जाते. आधीच्या भारतीय दंड संहितेत ही मुदत २० दिवसांची होती. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली.

लॉस: जे होतं ते गेलं. पैसे, नोकरी, नफा, माणूस. ‘लॉस ऑफ लाइफ’ म्हणजे जीवितहानी. मराठी बातमीतलं ‘सुदैवाने जीवितहानी झाली नाही, मात्र मालमत्तेचं मोठं नुकसान झालं’ हे वाक्य इंग्रजीत नेलं, की जीवितहानी ‘लॉस’ होते आणि मालमत्तेचं नुकसान ‘डॅमेज’.

एकाच घटनेत सगळे शब्द

फरक पक्का करण्यासाठी एक उदाहरण घेऊ. चार्जरचा स्फोट झाला. सोफा जळाला आणि एकाचा हात भाजला. महिनाभर त्याला काम करता आलं नाही.

- चार्जरमध्ये मुळात दोष होता: डिफेक्ट
- सोफा जळाला: डॅमेज
- हात भाजला: इंज्युरी
- महिन्याची कमाई बुडाली: लॉस
- माणसाला झालेला एकूण अपाय: हार्म
- ग्राहकाला मिळालेली भरपाई: कॉम्पेन्सेशन किंवा डॅमेजेस

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्येही सदोष उत्पादनाच्या संदर्भात ‘हार्म’ची व्याख्या दिली आहे. त्यात त्या उत्पादनाव्यतिरिक्त इतर मालमत्तेची हानी येते, शारीरिक इजा, आजार किंवा मृत्यू येतो आणि त्यासोबत होणारा मानसिक त्रासही येतो. पण खुद्द त्या उत्पादनाची हानी या व्याख्येत येत नाही. वरच्या उदाहरणात सोफा आणि हात ‘हार्म’मध्ये मोजले जातील, चार्जर नाही. चार्जरच्या पैशांसाठी दोष किंवा वॉरंटीचा मुद्दा मांडावा लागेल.

‘इंज्युरी’ म्हणजे फक्त जखम नाही

‘इंज्युरी’ हा शब्दही लॅटिनमधून आला आहे. मूळ ‘इंज्युरिया’ या शब्दाचा अर्थ अन्याय, हक्काचं उल्लंघन. हा जुना अर्थ भारतीय कायद्यात आजही दिसतो. भारतीय न्याय संहितेत ‘इंज्युरी’ म्हणजे कुणाच्या शरीराला, मनाला, प्रतिष्ठेला किंवा मालमत्तेला बेकायदा रीतीने पोहोचवलेला कोणताही अपाय. त्यामुळे कायदेशीर कागदात ‘इंज्युरी’ दिसलं म्हणजे कुणाला जखम झालीच असेल, असं समजू नये.

कायद्याच्या विद्यार्थ्यांना यासाठी दोन जुने इंग्रजी खटले शिकवले जातात.

पहिला १४१० चा, ग्लॉस्टरच्या शाळेचा. एका शिक्षकाने जुन्या शाळेशेजारी नवी शाळा काढली. जुन्या शाळेला फी कमी करावी लागली, तोटा झाला. पण शाळा काढण्याचा नव्या शिक्षकाला हक्क होता, म्हणून भरपाई मिळाली नाही. इथे ‘डॅमेज’ होतं, ‘इंज्युरी’ नव्हती.

दुसरा १७०३ चा, ‘ॲशबी विरुद्ध व्हाइट’. एका मतदाराला अधिकाऱ्याने मत देऊ दिलं नाही. त्याला हवा असलेला उमेदवार तरीही निवडून आला. म्हणजे तोटा काहीच नाही. पण मतदानाचा हक्क नाकारला गेला होता, म्हणून शेवटी निकाल मतदाराच्या बाजूने लागला. इथे ‘इंज्युरी’ होती, ‘डॅमेज’ नव्हतं.

भारतात याच संदर्भात १९८५ चा भीमसिंग खटला सांगितला जातो. जम्मू-काश्मीरचे आमदार भीमसिंग यांना विधानसभेच्या अधिवेशनाला जाण्यापासून रोखण्यासाठी बेकायदा अटक झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने त्यांना ५०,००० रुपये देण्याचा आदेश दिला. मोडलं-तुटलं काहीच नव्हतं, तरीही हक्क हिरावल्याची भरपाई मिळाली.

माणसासाठी ‘डॅमेज’ कधीच वापरत नाहीत का?

अवयवांसाठी वापरतात. ‘लिव्हर डॅमेज’, ‘नर्व्ह डॅमेज’, ‘ब्रेन डॅमेज’ हे वैद्यकीय भाषेत नेहमीचे शब्द आहेत. अवयवाचं काम कमी झालं, असा त्याचा अर्थ.

पण पूर्ण माणसाला ‘डॅमेज्ड’ म्हणणं वेगळं आहे. सोशल मीडियावर वाईट अनुभवातून गेलेल्या व्यक्तीबद्दल ‘शी इज डॅमेज्ड’ असं सहज लिहिलं जातं. यात माणसाला खराब मालासारखं मोजलं जातं, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याऐवजी ‘शी हॅज बीन हर्ट’ किंवा ‘शी हॅज बीन थ्रू अ लॉट’ म्हणता येतं. पहिल्या वाक्यात दोष तिच्यात दिसतो. दुसऱ्या वाक्यांत तिच्यावर काय गुदरलं ते दिसतं.

विमा, कुरिअर आणि शेती: कागदावरचे शब्द

गाडीचा विमा: ‘ओन डॅमेज’ म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण. ‘थर्ड पार्टी’ म्हणजे तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याचा मृत्यू, इजा किंवा मालमत्तेची हानी झाल्यास मिळणारं संरक्षण. मोटार वाहन कायद्यानुसार सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. फक्त तोच असेल तर तुमच्या गाडीचा चुराडा झाला तरी दुरुस्तीचे पैसे मिळत नाहीत. पॉलिसीवर ‘ओन डॅमेज’ हे दोन शब्द आहेत का, ते आजच पाहून घ्या.

कुरिअर: ‘ट्रान्झिट डॅमेज’ म्हणजे वाहतुकीत झालेलं नुकसान. खोका चेपलेला किंवा फाटलेला असेल तर ‘रिसीव्ड इन गुड कंडिशन’ या ओळीखाली तशीच सही करू नका. ‘बॉक्स रिसीव्ड डॅमेज्ड’ असं लिहून सही करा आणि उघडण्याआधी फोटो काढा.

शेती: पंतप्रधान पीक विमा योजनेत गारपिटीसारख्या स्थानिक आपत्तीत पिकाचं नुकसान झाल्यास ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. आपत्तीनंतरच्या सरकारी मदतीसाठी ३३ टक्के किंवा त्याहून जास्त ‘क्रॉप लॉस’ ही अट असते. म्हणजे पंचनाम्यात गारांनी पानं फाटली, फळांना मार बसला हे ‘डॅमेज’ नोंदवलं जातं. मदत मात्र त्यामुळे किती पीक हातचं गेलं, त्या ‘लॉस’वर ठरते.

बातम्यांत दिसणारे शब्दप्रयोग

डॅमेज कंट्रोल: मूळ शब्द जहाजांवरचा. मार बसलेल्या जहाजातलं पाणी आणि आग रोखून ते तरंगतं ठेवण्याचं काम म्हणजे डॅमेज कंट्रोल. लोणावळ्याजवळच्या आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात आजही हे शिकवलं जातं. राजकारणात त्याचा अर्थ सारवासारव असा होतो.

कोलॅटरल डॅमेज: लष्करी कारवाईत लक्ष्य नसलेल्या नागरिकांचा किंवा इमारतींचा गेलेला बळी. सुक्याबरोबर ओलंही जळतं, तसं काहीसं. हा शब्द कोरडा आहे आणि त्यामागे मेलेली माणसं झाकली जातात, अशी टीका त्यावर होते.

लॉस अँड डॅमेज: हवामान बदलाच्या चर्चेतला शब्द. २०२२ मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल-शेख इथल्या परिषदेत गरीब देशांसाठी या नावाचा निधी उभारण्याचा निर्णय झाला आणि २०२३ च्या दुबई परिषदेत तो कार्यान्वित करण्यावर सहमती झाली. जे परत येणार नाही ते ‘लॉस’, जसं माणसं किंवा बुडालेली जमीन. जे दुरुस्त करता येईल ते ‘डॅमेज’, जसं रस्ते आणि पूल. हा फरक इथे साधारणपणे असाच समजावला जातो.

व्हॉट्स द डॅमेज?: हॉटेलात बिल मागताना गमतीने विचारतात. अर्थ, ‘किती झाले?’ नुकसानभरपाईशी याचा संबंध नाही.

ॲड इन्सल्ट टू इंज्युरी: आपल्याकडचं ‘जखमेवर मीठ चोळणं’.

नो हार्म इन आस्किंग: विचारून बघायला काय हरकत आहे? इथे ‘डॅमेज’ चालत नाही.

मग त्या फोनचं काय?

आता सुरुवातीच्या ईमेलकडे परत जाऊ. ग्राहक संरक्षण कायद्यात ‘डिफेक्ट’ म्हणजे वस्तूच्या दर्जात, प्रमाणात, क्षमतेत, शुद्धतेत किंवा मानकात असलेली उणीव. दोष वस्तूच्या आत असतो. डॅमेज बाहेरून होतं. वॉरंटी साधारणपणे पहिल्यासाठी असते, दुसऱ्यासाठी नसते.

म्हणून ईमेल असा लिहिता येईल:

‘अ ग्रीन लाइन हॅज अपिअर्ड ऑन द स्क्रीन. द फोन हॅज नॉट बीन ड्रॉप्ड ऑर एक्स्पोज्ड टू वॉटर. देअर इज नो फिजिकल डॅमेज. धिस अपिअर्स टू बी अ डिफेक्ट. प्लीज इन्स्पेक्ट अँड रिपेअर इट अंडर वॉरंटी.’

अर्थ: स्क्रीनवर हिरवी रेघ आली आहे. फोन पडलेला किंवा भिजलेला नाही. बाहेरून कोणतंही नुकसान झालेलं नाही. हा दोष दिसतो. तपासून वॉरंटीत दुरुस्त करून द्या.

योग्य शब्द लिहिला म्हणून दावा मंजूर होईलच असं नाही. कंपनी फोन तपासेल आणि तो खरंच पडलेला असेल तर ते तपासणीत दिसू शकतं. तेव्हा पडलेल्या फोनला ‘डिफेक्ट’ म्हणून उपयोग नाही. पण न पडलेल्या फोनला स्वतःच्या हाताने ‘डॅमेज्ड’ लिहून समोरच्याला नकाराचं कारण देण्याचीही गरज नाही. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते.

थोडक्यात लक्षात ठेवा

- वस्तू मोडली, खराब झाली: डॅमेज
- वस्तूत मुळातच खोट: डिफेक्ट
- शरीराला इजा: इंज्युरी
- कोणताही अपाय: हार्म
- गेलं, बुडालं: लॉस
- पैशांतली भरपाई: डॅमेजेस

पुढच्या वेळी इंग्रजीत नुकसानीबद्दल काही लिहायची वेळ आली, तर आधी मराठीत स्वतःला एक प्रश्न विचारा: मोडलं, बिघडलं, लागलं की बुडालं? उत्तर मिळालं की इंग्रजी शब्द सापडायला वेळ लागणार नाही.